दीड तासाची सहल: नाशिकच्या बागा आणि तीन ते सहा वयाची मुलं

रविवारी साडेदहाला घरातून निघालेली सहल बाराच्या सुमारास रडारडीवर येते आणि बोल मुलाला लागतो. हट्टी आहे, कुठे न्यायची सोय नाही, वगैरे. खरं म्हणजे त्या वेळी ते मूल उन्हाने तापलेलं असतं, भुकेलेलं असतं आणि झोपेला आलेलं असतं. सहल मोठ्यांच्या मापाने बेतलेली होती, एवढीच चूक. या वयाच्या मुलाला दूरची जागा लागत नाही, महागडं तिकीट लागत नाही. घराजवळची बाग, दीड तास आणि हाताला काहीतरी काम एवढं पुरतं. तीच बाग महिन्यातून दहादा पाहिली तरी मूल कंटाळत नाही, कारण ते बाग बघायला जात नाही, बागेत काहीतरी करायला जातं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या सूचनांप्रमाणे तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करायला हवी आणि त्यातली किमान ६० मिनिटं चांगली दमवणारी हवीत. फ्लॅटच्या हॉलमध्ये हे गणित बसत नाही. सोफ्यावरून उड्या मारणारं मूल आपला राहिलेला कोटाच भरून काढत असतं, त्याला रागावून काय उपयोग!

वेळ आधी, जागा नंतर

नाशिक साधारण ६०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे एप्रिल-मेमध्येही इथली सकाळ सोसवते. उन्हाळ्यात सातला बागेत पोचायचं आणि नऊच्या ठोक्याला परतीला लागायचं. डिसेंबर-जानेवारीत उलट. पारा दहाच्या खाली उतरतो आणि गवतावर दव असतं. लवकर नेलं की दहा मिनिटांत बूट-मोजे ओले होतात आणि उरलेला वेळ कुडकुडण्यात जातो. तेव्हा नऊ ते अकरा किंवा चार ते सहा. पावसाळ्यात घड्याळ सोडून आभाळ बघायचं. उघडीप मिळाली की निघायचं, कारण त्या दिवसांत डबकं हेच सगळ्यात मोठं खेळणं असतं.

जागा निवडताना कॉलेज रोड, गंगापूर रोडकडच्यांना कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक आणि प्रमोद महाजन उद्यान आहे. गावातल्यांना शिवाजी उद्यान जवळ पडतं. नुसतं पळवायचं असेल तर गोल्फ क्लब मैदानाएवढी मोकळी जागा शहरात मिळणं अवघड. पाथर्डी फाटा, इंदिरानगरकडून पांडवलेणीच्या पायथ्याचं नेहरू वनोद्यान सोयीचं. पण माझं मत विचाराल तर तुमच्या कॉलनीतली, दोन झोके आणि चार झाडं असलेली बागच पहिली निवड असावी. चालत जाता येतं, शू लागली तर घर जवळ असतं आणि रोज तीच मुलं भेटतात. तिसऱ्या वर्षी मुलं एकमेकांच्या शेजारी बसून आपापलं खेळतात. एकत्र खेळ जमतो तो हळूहळू, ओळखीच्या चेहऱ्यांबरोबर. दर रविवारी नवी बाग गाठली तर ही ओळख होतच नाही.

फाटकावरची वेळेची पाटी आधी एकदा बघून या. फाटक बंद दिसलं की मोठा माणूस दुसरीकडे वळतो. मूल मात्र फाटकाला लटकून राहतं.

दुचाकीवरून जाणार असाल तर दोन गोष्टी. फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी चालवणाऱ्याला बांधलेला सुरक्षा पट्टा आणि मुलाच्या मापाचं हेल्मेट सक्तीचं आहे, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवायचा आहे. आणि मुलाला नेहमी डाव्या बाजूने उतरवा. बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडे असतो आणि उघड्या पोटरीला त्याचा चटका बसायला क्षणही पुरतो. बसलाच तर हळद, टूथपेस्ट, बर्फ काही न लावता वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरायचं. बागेत नळ कुठे आहे हे आल्या आल्या बघून ठेवायचं ते यासाठीही.

घसरगुंडी, झोका आणि गळ्यातला दोरा

बागेत शिरल्यावर मूल घसरगुंडीकडे धावतं. तुम्ही त्याच्या आधी पोचा आणि पत्र्याला उलटा तळहात पाच सेकंद लावा. तुमचा हात टिकत नसेल तर त्याची मांडी मुळीच टिकणार नाही. मे महिन्यात संध्याकाळी पाचलाही पत्रा तापलेला असतो, आणि प्लास्टिकची घसरगुंडीही उन्हात चटके देते.

आता जी गोष्ट सगळ्या बागांत दिसते आणि जिच्याबद्दल मला मनापासून सांगायचं आहे ती ही, की मुलाला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून उतरू नका. आई-बाबांच्या मांडीत मूल सुरक्षित वाटतं. पण मुलाचा बूट बाजूच्या कठड्याला घासतो आणि तिथेच अडकतो. मूल एकटं असतं तर तिथेच थांबलं असतं. तुमच्या वजनाने मात्र दोघंही खाली जातच राहता, पाय मागे राहतो आणि सगळा पीळ नडगीच्या हाडावर येतो. एकटं घसरताना क्वचितच मोडणारं हाड असं मोडतं. मूल घाबरत असेल तर बाजूला उभे राहा, त्याला काखेत धरून घसरगुंडीच्या खालच्या एक तृतीयांश भागावर बसवा आणि तेवढंच घसरू द्या. दोन-तीन दिवसांत ते आपणहून वर चढायला लागतं. ज्या शिडीवर ते स्वतः चढू शकत नाही तिच्यावर त्याला उचलून ठेवायचं नाही, हा एक नियम पाळला तर अर्धी पडझड टळते.

दुसरी गोष्ट आपल्याकडे खास. गळ्यात काळा दोरा, ताईत, सोनसाखळी, थंडीत कानटोपीचे बंद. घसरगुंडीच्या वरच्या टोकाशी, कठड्याच्या फटीत दोरा अडकला की मूल खाली आणि दोरा वर, आणि जाड दोरा तुटत नाही. दृष्ट लागू नये म्हणून बांधलेलाच दोरा फास व्हायला नको. आजींना वाईट वाटत असेल तर तो कमरेला बांधा, पायाला बांधा, पण झोका-घसरगुंडीच्या वेळी गळा मोकळा हवा. ओढणी, स्टोल, टोपडं यांनाही हेच लागू.

खेळण्याच्या कठड्यांमधल्या फटी एकदा मोजून बघा. साधारण नऊ सेंटिमीटरपेक्षा मोठी आणि तेवीस सेंटिमीटरपेक्षा लहान फट धोक्याची धरतात, म्हणजे आपल्या भाषेत मुठीपेक्षा मोठी आणि वितीपेक्षा लहान. अशा फटीतून मुलाचे पाय आणि धड आरपार जातं, डोकं मात्र अडकतं. ग्रिल वेल्डिंग करून बनवलेल्या जुन्या खेळण्यांत अशा फटी हमखास सापडतात. तिथे दुसरं खेळणं शोधायचं.

खाली काय आहे तेही बघा. वाळू किंवा रबरी मॅट असेल तर ठीक. पेव्हर ब्लॉक किंवा कडक झालेली माती असेल तर चार फुटांवर मूल चढवू नका, मग खेळणं कितीही नवं असो. वाळूत हात घालू देण्याआधी पायाने उकरून बघा, कारण कुत्र्या-मांजरांना ती जागा आवडते. खेळून झालं की साबणाने हात धुणं अटळ. सॅनिटायझर मातीने भरलेल्या हातावर काम करत नाही.

झोक्याच्या मागे-पुढे दोन्हीकडे तीन-तीन पावलं अंतर मोकळं ठेवायला एका मोठ्या माणसाने तिथे उभंच राहावं. झोक्यावरून मूल पडतं तेवढं लक्षात येतं, पण धावत आलेल्या दुसऱ्या मुलाच्या कपाळावर झोका आदळणंही घडतं.

हाताला काम

खेळण्यांवर वीस-पंचवीस मिनिटं जातात. मग ढकलाढकली आणि 'मला आइस्क्रीम' सुरू होतं. इथे पिशवीतून काम निघायला हवं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडला नेलं. त्यांनी आदिवासी मुलांना बिया, पानं, शिंपले, खडे घेऊनच शिकवलं. विकतचं साहित्य परवडत नव्हतं हे कारण होतंच, पण मुलाच्या हाताला जे ओळखीचं आहे त्यानेच ते लवकर शिकतं, ही त्यांची पारख पक्की होती. ते सगळं साहित्य आपल्या बागेत आजही पडलेलं आहे.

सालीचा ठसा हे त्यातलं माझं सगळ्यात आवडतं काम. लागतो साधा झेरॉक्सचा ए-फोर कागद, मेणखडू आणि कागदी चिकटपट्टी. खडूवरचा कागद सोलून टाका आणि खडू आडवा धरायला शिकवा. टोकाने घासलं तर कागदाला भोक पडतं. झाड निवडताना आंबा, कडुनिंब, चिंच घ्या. यांच्या सालीला खाचा असतात आणि ठसा स्वच्छ उमटतो. पेरू आणि निलगिरीची साल गुळगुळीत असते, तिथे मूल दहा मिनिटं घासतं आणि काहीच उमटत नाही म्हणून हिरमुसतं. कागद मुलाच्या छातीच्या उंचीवर चारही कोपऱ्यांना चिकटवा. न चिकटवता दिला तर एका हाताने धरणं आणि दुसऱ्याने घासणं या वयात जमत नाही, कागद सरकतो आणि चित्र दुहेरी होतं. ऑइल पेस्टल नको, ते मऊ असतात आणि खाचांतही शिरून सगळं सारखंच रंगवून टाकतात. पावसाळ्यात ओल्या सालीवर कागद फाटतो, तेव्हा हे काम ऑक्टोबरनंतरचं. चिकटवण्याआधी साल नीट बघा, मुंगळे किंवा केसाळ सुरवंट असेल तर पुढचं झाड. दोन झाडांचे ठसे शेजारी ठेवले की 'हे आंब्याचं, हे कडुनिंबाचं' असं मूल बोटाने चाचपून सांगायला लागतं. चार वर्षांच्या मुलाला झाड ओळखायला शिकवायचा याहून सोपा रस्ता मला माहीत नाही.

गोळा करण्याचं काम तीन वर्षांच्या मुलालाही जमतं. अंड्यांच्या कागदी ट्रेमधून सहा खळग्यांचा तुकडा कापून घ्या आणि प्रत्येक खळग्यात स्केचपेनने एकेक रंगाचा ठिपका द्या: पिवळा, तपकिरी, लाल, हिरवा, काळा, पांढरा. त्या त्या रंगाची खाली पडलेली वस्तू शोधून आणायची. तोडायचं नाही, पडलेलंच उचलायचं, हे पहिल्याच दिवशी सांगा. लाल रंग नेहमी सापडत नाही, म्हणून ऋतू बघून ठिपके द्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर आणि पांगाऱ्याखाली लाल फुलांचा सडा असतो, एप्रिल-मेमध्ये गुलमोहर असतो. बहाव्याच्या पिवळ्या पाकळ्या मेमध्ये, आणि त्याच्या लांब काळ्या शेंगा वाळल्या की खुळखुळ्यासारख्या वाजतात.

गोळा करू द्यायच्या नाहीत अशा बिया मात्र तुम्हाला ओळखता यायला हव्यात. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या आपल्या लहानपणी खेळायला असायच्या, पण त्यांचा गर हृदयावर परिणाम करणारं विष आहे. एका-दोन बियांनीही लहान मुलाचा जीव धोक्यात येतो. साधी कण्हेर, धोतरा, एरंडाच्या ठिपकेदार बिया, लाल-काळी गुंज आणि घाणेरीची हिरवी फळं या सगळ्यांपासून दूर. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. बी चावली असा नुसता संशय आला तरी घरी उलटी करवू नका, तोंड पुसून, ते बी किंवा पान बरोबर घेऊन थेट दवाखान्यात. गाडी नसेल तर १०८.

साबणाचे फुगे घरच्या घरी करता येतात, पण बागेत गेल्यावर ते बनतच नाहीत अशी तक्रार बहुतेकांची असते. प्रमाण असं: एक कप पाणी, दोन मोठे चमचे भांडी घासायचं लिक्विड, एक मोठा चमचा ग्लिसरीन. ग्लिसरीन नसेल तर साखर चालते, पण सांडलं की मुंग्या येतात. हलक्या हाताने ढवळा, फेस आला की फुगे कमी येतात. रात्री करून ठेवा आणि सकाळी वापरा. फुगा फुटतो तो त्यातलं पाणी उडून गेल्याने. म्हणून एप्रिलच्या दुपारी, कोरड्या हवेत, कितीही साबण घातला तरी फुगा टिकत नाही, आणि श्रावणातल्या दमट सकाळी तोच फुगा झाडाच्या शेंड्यापर्यंत जातो. तारेचं कडं करून त्यावर लोकरीचा धागा गुंडाळा, म्हणजे पाणी जास्त धरून ठेवतं. तीन वर्षांच्या मुलाला स्ट्रॉ देऊ नका, ते फुंकण्याऐवजी ओढतं. द्यायचीच असेल तर स्ट्रॉच्या वरच्या टोकाजवळ सुईने एक भोक पाडा. ओढलं तरी हवाच येते, साबणाचं पाणी तोंडापर्यंत चढत नाही.

उन्हाळ्याचं सगळ्यात स्वस्त काम म्हणजे दोन इंची डिस्टेंपरचा ब्रश आणि अर्धा डबा पाणी. कट्टा रंगवायचा. पाच मिनिटांत वाळतो, मग पुन्हा रंगवायचा. मोठ्यांना यात काही दिसत नाही, मुलं मात्र अर्धा तास रमतात.

गटाचे खेळ चौथ्या वर्षानंतर जमतात. 'शिवाजी म्हणतो' चार-पाच मुलांत झकास होतो, फक्त चुकलेल्याला बाद करू नका, या वयात बाद झालेलं मूल कडेला बसून रडतं किंवा माती उडवतं. 'मामाचं पत्र हरवलं'मध्ये सहाहून जास्त मुलं नकोत, पाळी यायला उशीर लागला की गोल मोडतो. लंगडीची घाई नको. एका पायावर दोन-चार उड्या साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी येतात. त्याआधी खडूने रेघ मारून तिच्यावरून तोल सांभाळत चालणं हीच लंगडीची तयारी.

थोडं लांब जायचं असेल तर

पांडवलेणी चार वर्षांच्या पुढच्या मुलांना जमते. पंधरा-वीस मिनिटांची पायऱ्यांची चढण मोठ्यांची, मुलाबरोबर अर्धा तास धरा. पंधरा वर्षांच्या आतल्यांना तिकीट नाही. चोवीसच्या चोवीस लेणी दाखवायचा अट्टहास करू नका. तीन क्रमांकाच्या लेण्याशी जा. तिथे दर्शनी भागात धिप्पाड यक्ष खांद्यावर तुळया पेलून उभे आहेत, आणि खांबांच्या वरच्या टोकाला प्राणी कोरलेले आहेत. मुलाला एकच काम द्या: हत्ती शोध. मग बैल शोध. यक्षासारखं ओझं पेलून दाखव. एवढ्यावर पाऊण तास जातो. इतिहास सांगायचा तर एकच वाक्य, की हे घर बांधलेलं नाही, डोंगर कोरून काढलेलं आहे. कड्यांवर आग्या मोहोळाची पोळी असतात, म्हणून आरडाओरडा, धूर, तीव्र अत्तर यातलं काहीही नको. उतरताना मूल थकलेलं असतं आणि पायऱ्या त्याच्या गुडघ्याएवढ्या उंच असतात. पडणं बहुतेक वेळा उतरतानाच होतं. तुम्ही एक पायरी खाली, मूल वर, हात धरून.

नांदूरमध्यमेश्वरला नोव्हेंबर ते फेब्रुवारी. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं हे पक्षी अभयारण्य २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. शहरापासून सव्वा-दीड तास धरा, म्हणजे पाचपेक्षा लहान मुलासाठी ही सहल प्रवासातच संपायची शक्यता आहे. गाडीत झोपणारं मूल असेल तर पहाटे साडेपाचला निघा, ते अभयारण्याशेजारच्या चापडगावला पोचल्यावरच उठेल. दुर्बीण या वयात निरुपयोगी आहे. दोन्ही भिंगांतून एकदम बघणं आणि ते जड यंत्र स्थिर धरणं जमत नाही, आणि 'मला काहीच दिसत नाही' म्हणून भोकाड पसरलं की पक्षीही उडतात. त्याऐवजी टॉयलेट पेपरच्या दोन पुठ्ठ्याच्या नळ्या चिकटवून द्या. त्याने मोठं काही दिसत नाही, पण नजर एका जागी टिकते.

पक्ष्यांची नावं तीनच शिकवा, आणि दिसण्यावरून. वारकरी: अंग काळंभोर, कपाळावर पांढरा टिळा. वारीला जाणाऱ्या आजोबांच्या कपाळावरचा गोपीचंदनाचा टिळा ज्याने पाहिलाय ते मूल हे नाव जन्मात विसरत नाही. शेकाट्या: काडीसारखे लांब लाल पाय, पाण्यात उभा राहून चिखल टोचतो. जांभळी पाणकोंबडी: निळी-जांभळी, लाल चोच, शेपटी झटकत चालते. याउपर जे दिसेल ते बोनस. तासाभरात परत फिरा.

गोदाघाटावर या वयाच्या मुलाचा हात सोडता येत नाही, म्हणून मी त्याला खेळायची जागा मानत नाही. रामकुंडाच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात आणि गर्दी असते. पण पावसाळ्यात पूर आला की होळकर पुलाच्या कठड्यामागून, मुलाला कडेवर घेऊन, नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती जरूर दाखवा. आज पाणी गुडघ्याला, काल कमरेला होतं, हे नाशिकचं पूर मोजायचं माप मुलाला लगेच कळतं. सोमेश्वरचा धबधबा पावसाळ्यात लांबूनच. ओल्या खडकावर मोठ्यांचेही पाय टिकत नाहीत आणि वरून पाणी कधी वाढेल हे खाली कळत नाही. गंगापूर धरणाच्या फुगवट्याकडे गेलात तर काठावरचा गाळ वरून कोरडा दिसतो आणि आत गुडघाभर खचतो. पाण्याजवळ मूल हाताच्या अंतरावर हवं, म्हणजे हात लांब केला की दंड पकडता यायला हवा. 'लक्ष आहे माझं' हे वाक्य पाण्याजवळ पुरेसं नाही.

गंगापूर धरणाकडच्या या शेताळ, झाडीच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर असतो. अंधार पडायच्या आत गाडीत बसलेलं असायचं.

डबा

नाशिककराच्या सहलीत द्राक्षं आणि चिवडा नसतो असं होत नाही, आणि नेमक्या याच दोन गोष्टी लहान मुलाच्या घशात अडकतात. अख्खं द्राक्ष मऊ, गुळगुळीत आणि बरोबर श्वासनळीच्या तोंडाएवढं असतं. ते आत बसलं की बुचासारखं घट्ट होतं आणि हवा पूर्ण बंद होते. पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला द्राक्ष उभं चिरून, चार फोडी करून द्यायचं. आडवं चिरलं तर गोल चकती तशीच राहते, उपयोग नाही. चेरी टोमॅटोलाही हेच. चिवड्यातले शेंगदाणे, डाळं, भेळेतले फुटाणे आणि पॉपकॉर्न या वयाला नकोच. आणि काहीही असो, बसून खायचं. झोक्यावर, धावताना, हसताना नाही.

घास अडकला आणि मूल खोकत असेल, आवाज निघत असेल तर खोकू द्या, घशात बोट घालू नका. आवाज बंद झाला, ओठ निळे पडू लागले तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा, मग मागून मिठी मारून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर पाच दाब, आणि पुन्हा थापा. हे वाचून येत नाही. एखाद्या प्रथमोपचार वर्गात एकदा बाहुलीवर करून घ्या.

थालीपिठाचे तुकडे, तूप-गुळाची पोळी गुंडाळून, केळं, राजगिऱ्याची वडी मऊ असेल तर, एवढं पुरे. पाणी माणशी एक बाटली आणि हात धुवायला वेगळी. चिप्सचं पाकीट नेलं की ते उघडेपर्यंत दुसरं काही खाल्लं जात नाही.

पिशवीत दोन चड्ड्या, एक पँट, जुना टॉवेल, कागदी साबण, साधी बँडेजपट्टी. निघण्याआधी शू करवून घ्या, लागली नसली तरी.

मेमध्ये घोळणा फुटतो. मान मागे टाकायची नाही, रक्त घशात उतरतं आणि उलटी होते. पुढे झुकवून बसवा, नाकाचा मऊ भाग दोन बोटांनी दहा मिनिटं दाबून धरा, मध्येच सोडून बघू नका. कुत्र्याने ओरखडलं तरी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्यायला जा. तिखट, चुना, हळद काही लावू नका.

गर्दीच्या दिवशी घरातून निघतानाच मुलाचा त्या कपड्यांतला फोटो मोबाईलवर काढून ठेवा आणि बॉलपेनने दंडावर आतल्या बाजूला तुमचा नंबर लिहा. मुलाला तुमचं खरं नाव पाठ करवून घ्या. जत्रेत 'आई' अशी हाक मारली की पन्नास जणी वळतात. चुकलो असं वाटलं तर चालत राहायचं नाही, आहे तिथेच उभं राहून नावाने ओरडायचं, हे बागेतच खेळ म्हणून दोन-तीनदा करून घ्या.

निघताना

'पाच मिनिटांत निघायचं' या वाक्याला या वयात अर्थ नाही. पाच मिनिटं म्हणजे किती हे त्यांना कळत नाही. 'आणखी पाच घसरगुंड्या' हे कळतं, आणि बोटं मोडत मोजता येतं. पाचवी झाली की सहावी द्यायची नाही; एकदा दिली की पुढच्या वेळी पाच म्हणजे दहा. मग शेवटचं काम: बाटलीत उरलेलं पाणी एका ठरलेल्या झाडाला घालायचं. रोज तेच झाड. पाणी घालून झालं की पाय आपोआप फाटकाकडे वळतात.

घरी आल्यावर कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी खिसे उलटे करा. शेंगा आणि खडे निघतील ते एका बरणीत राहू द्या. मेणखडू राहिला तर मात्र गरम पाण्यात वितळून आख्ख्या धुण्यावर डाग पडतात.